मल्टिफोकल लेन्स आणि डोळ्यांचा व्यायाम: माझा अनुभव

वय 22, नंबर उणे 4.5. नंबर आणखी वाढू नये म्हणून मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. मधोमध दूरचा नंबर, कडेला अधिक 2.5 ची जादा पॉवर. लांबचं छान दिसायचं, पण तासभर वाचलं की अक्षरं पुसट व्हायची. मान वर केली की फळा स्पष्ट व्हायला दोन-तीन सेकंद जायचे. मी लेन्सलाच दोष देत होते.

ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी तपासून सांगितलं, "लेन्स नीट बसल्यात गं. कडेच्या पॉवरवर विसंबून तुझे डोळे जवळचा फोकस पुरता लावतच नाहीयेत." या वयात डोळ्यातलं भिंग स्वतः फुगून जवळचं दाखवू शकतं. तेच काम त्याच्याकडून करून घ्यायचं होतं.

त्यांनी फ्लिपर दिला. दांड्याला चार छोटी भिंगं, एका बाजूला अधिक 2, दुसऱ्या बाजूला उणे 2. लेन्स घालूनच 40 सेंटिमीटरवर बारीक मजकूर धरायचा, शब्द स्पष्ट झाला की फ्लिपर उलटायचा. अधिकची बाजू सोपी गेली. उणेच्या बाजूनं घाम काढला: पहिल्या दिवशी मिनिटाला जेमतेम 4 फेऱ्या (दोन्ही बाजू एकेकदा झाल्या की एक फेरी), आणि भुवयांमध्ये ठणका. शिवाय भिंतीवर मोठा अक्षरतक्ता, हातात छोटा. एक ओळ तिथली, एक इथली. आधी एकेक डोळा झाकून, मग दोन्ही उघडे.

रोज 15 मिनिटं. सहाव्या आठवड्यात 11 फेऱ्या झाल्या. नंबर यानं उतरत नाही, त्या आशेनं करू नका. पण आता ग्रंथालयात पुस्तकातून मान वर केली की भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा लगेच दिसतो.