‘पॉटी’ हा शब्द कुठे, कसा आणि कोणापुढे वापरावा

‘बाळाने पॉटी केली’ हे वाक्य आपल्या घरांतून इतके रुळले आहे की, इंग्रजीतही या शब्दाचा अर्थ ‘शी’ असाच असणार, असे बहुतेक पालक धरून चालतात. ब्रिटनमध्ये मात्र ‘पॉटी’ म्हणजे मुलाला ज्यावर बसवतात ते छोटे भांडे. ‘डॉग’चे जसे लाडाने ‘डॉगी’ होते, तसेच ‘पॉट’चे ‘पॉटी’ झाले आहे. तिथल्या पाळणाघरात ‘ही डिड पॉटी’ असे सांगितले, तर समोरच्याला अर्थ कळेल, पण वाक्य कानाला खटकेल. कारण तिथे मूल पॉटीवर बसते आणि जे करते त्याला ‘पू’ किंवा ‘वी’ म्हणतात, म्हणजे आपली अनुक्रमे शी आणि शू. (आपली ‘शी’ तरी काय कमी गमतीची आहे? वस्तूचे नाव आणि तिची किळस, दोन्ही एकाच अक्षरात!)

अमेरिकेत ‘गो पॉटी’ हे क्रियापदासारखे वापरतात आणि त्यात शी व शू दोन्ही येतात. त्यामुळे मूल ‘आय हॅव टू गो पॉटी’ म्हणाले, तर नेमके काय लागले आहे ते विचारावे लागते. तिथल्या उच्चारात मधला ‘ट’ मऊ होऊन शब्द जवळजवळ ‘पाडी’ असा ऐकू येतो, हेही नवख्याने ध्यानात ठेवावे. कुत्र्याला अंगणात सोडतानाही मालक त्याला ‘गो पॉटी’ असेच सांगतात.

खरी फसगत पुढे आहे. ब्रिटिश बोलीत ‘पॉटी’ हे विशेषणही असून त्याचा अर्थ ‘वेडा’ किंवा ‘चक्रम’ असा होतो. एखादी आजी ‘आय ॲम गोइंग पॉटी’ म्हणाली, तर तिला स्वच्छतागृहाची वाट दाखवू नये. आपल्याला वेड लागायची पाळी आली आहे, असे ती म्हणते आहे. ‘दॅट नॉइज इज ड्रायव्हिंग मी पॉटी’ म्हणजे त्या आवाजाने डोके फिरायची वेळ आली, आणि ‘शी इज पॉटी अबाउट क्रिकेट’ म्हणजे तिला क्रिकेटचे वेड आहे. हा वापर थट्टेचा, थोडा जुन्या वळणाचा आहे. खरोखर मनोविकार असलेल्या माणसाविषयी तो करणे असभ्यपणाचे ठरते.

‘पॉटी ट्रेनिंग’ सगळीकडे समजते. ‘पॉटी माउथ’चा मात्र दात घासण्याशी संबंध नाही, घाणेरड्या शिव्या देणाऱ्याला तसे म्हणतात.

डॉक्टरांशी मुलाविषयी बोलताना ‘पॉटी’ चालून जाते, पण मोठ्या माणसाने स्वतःच्या तक्रारीसाठी हा शब्द वापरला की तो बोबडा वाटतो. तिथे ‘स्टूल’ म्हणावे, मराठी कानाला त्यातून बसायचे तिपाई स्टूल आठवले तरी. आपल्याकडच्या दवाखान्यांत सर्रास चालणारे ‘लूज मोशन’ अमेरिकेत सहसा ओळखीचे नसते. तिथे सरळ ‘डायरिया’ म्हणावे. आणि अमेरिकन पाळणाघराच्या रोजच्या नोंदपत्रकात ‘बीएम’ लिहिलेले दिसले, तर ती ‘बॉवेल मूव्हमेंट’ची, म्हणजे आपल्या साध्या शीचीच, आद्याक्षरे असतात.