हापशाला झूल घालताना

आमच्या शाळेपुढच्या हापशाला एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर हात लावता येत नाही. दांडा लोखंडी, चटका बसतो. पोरं शर्टाचं टोक हाताला गुंडाळून हापसायची. ते बघवेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एका विरलेल्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि त्या दांड्याला क्रोशानं गवसणी विणून घातली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी म्हणाल्या, "दांड्याला घातलंस, मग खालच्या अंगाला का नाही?" तिथून हे वाढलं. आता दर माघात आम्ही बारा-चौदा बायका आणि शाळेतली पोरं मिळून हापसा, एसटीच्या शेडचे खांब, शाळेचं फाटक आणि पाराजवळचा कठडा सजवतो. गाव खटाव तालुक्यातलं, लहानसं. "आम्हालाही करायचंय, कसं करू?" असे निरोप येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

जगात याला यार्न बॉम्बिंग म्हणतात. २००५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला मॅग्डा सायेग या बाईंनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेलं आवरण घातलं, मग रस्त्यावरच्या पाटीच्या खांबाला. इंग्लंडात सॉल्टबर्न इथे २०१२च्या ऑलिंपिकच्या वेळी समुद्रातल्या धक्क्याच्या कठड्यावर विणलेल्या खेळाडूंची लांबच लांब पट्टी कुणीतरी गुपचूप लावून ठेवली होती. गुपचूप, नाव न सांगता, ही तिकडची रीत. आपल्याकडे ती आणू नका. सकाळी उठून खांबाला दोरे गुंडाळलेले दिसले तर लहान गावात लोकांच्या मनात आधी करणीच येते, आणि एकदा ती शंका आली की तुमचं काम कितीही देखणं असो, कुणी जवळ येत नाही. दिवसाढवळ्या करा, सांगून करा. आम्ही तर नावही बदललं. बेंदराला बैलाला झूल घालतो तशी ही खांबाची झूल. हे म्हटल्यावर पारावरच्या म्हाताऱ्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

परवानगीसाठी २६ जानेवारीची ग्रामसभा गाठा. अर्ज साधा द्या: काय लावणार, कुठे, कधी, आणि कोणत्या तारखेला काढणार. काढायची तारीख लिहिलीत की अर्धा विरोध तिथेच मावळतो. विजेच्या खांबांना हात लावायचा नाही. वळणावरच्या पाट्या, देवळाची दीपमाळ, पुतळ्याचा चौथरा आणि त्याचं कुंपण सोडून द्यायचं. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर त्या वर्षी थांबा.

रंगांचंही सांगते, कारण हे कुठल्या विणकामाच्या वर्गात शिकवत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही शेडचा एक खांब अख्खा भगवा केला, दुसरा अख्खा निळा. हाताशी लोकर होती तशी वापरली, बाकी मनात काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत कुणाचा खांब पुढे, कुणाचा मागे, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हापासून नियम एकच: प्रत्येक तुकड्यात किमान पाच रंग, आणि सलग एका रंगाची पट्टी चार बोटांपेक्षा रुंद नाही.

आता माल. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रेलिक असते. उन्हापावसात तिचे बारीक तंतू सुटतात, ते प्लॅस्टिकच, आणि शेवटी मातीतच जातात. म्हणून नवी विकत आणू नका. घरोघरचे उरलेले गुंडे आणि उसवलेले स्वेटर मागा, तेवढ्यात भागतं. सुती लुगड्याच्या इंचभर रुंद पट्ट्या फाडून गुंडा केला की दहा नंबरच्या जाड सुईवर भराभर विणता येतं. आणि सगळ्यात चांगली, आमच्या मते, मेंढराची लोकर. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर खरखरीत, अंगाला टोचते. पण घोंगडी तिचीच होते आणि ती पाऊस अंगावर घेते. आमच्याकडे कातरलेली लोकर कितीदा बांधावर पडून असते. वाड्यावरचे एक आजोबा अजून टकळीवर सूत काढतात. काळं, पांढरं, करडं. रंग न देता ते तसंच वापरलं तर खांबाला जी शोभा येते ती बाजारच्या लोकरीला येत नाही.

माप सुतळीनं घ्या. खांबाचा घेर दहा इंच भरला तर तुकडा नऊ इंचच विणा, कारण विण ताणली जाते आणि ढिली झूल आठवड्यात खाली घसरते. आधी चार इंचाचा नमुना विणून त्यात क्रोशाचे खांब, म्हणजे उभे टाके, किती बसतात ते मोजा, मगच पायाची साखळी घाला. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. चार प्लायची, म्हणजे चार पदरी, लोकर आणि चार नंबरची सुई असेल तर नऊ इंच रुंद, पाच फूट उंच तुकड्याला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम लागते. कडेच्या ओळी मुक्या खांबांच्या, म्हणजे बुटक्या टाक्यांच्या, ठेवा, मधल्या साध्या खांबांच्या. कड घट्ट राहते आणि शिवताना दाभण नेमकं बसतं. पाच फूट एकीनंच विणायला हवं असं नाही. वीतभराचे तुकडे वाटून दिले की ज्यांना वेळ नाही त्याही एक तरी देतात.

ज्यांना विणता येत नाही त्यांनी गोंडे करावेत. चार बोटांभोवती लोकरीचे शंभर वेढे, मधोमध करकचून गाठ, दोन्हीकडचे फास कापायचे, कात्रीनं गोल करायचं. आमच्या गल्लीतल्या एका आजींचे हात थरथरतात, सुईत धागा जात नाही. पण बैलांचे गोंडे त्यांनी जन्मभर केलेत. त्या वेढे मोजत नाहीत, बोटांना कळतं म्हणतात. पाराच्या कठड्यावर लावलेले चाळीस गोंडे त्यांचे एकटीचे, आणि एकही सुटला नाही.

बसवताना वरून सुरुवात करा. वरची कड आधी चार ठिकाणी टाचून घ्या, मग दाभणानं खाली शिवत या. शिवणीचा दोरा झुलीपेक्षा वेगळ्या रंगाचा घ्या, का ते पुढे सांगते. हापशाला फक्त खालच्या पाइपावर झूल घाला. तोटी मोकळी हवी आणि वरचं झाकण तर मोकळं हवंच, नाहीतर दुरुस्तीला आलेला माणूस पहिली कात्री तिथेच चालवेल. दांड्याची गवसणी सुतीच आणि घट्ट. हातात फिरली तर पोरांचा तोल जातो.

झाडाला मात्र झूल नको. पहिल्या वर्षी आम्ही शाळेतल्या कडुलिंबाला घातली होती. दिसत होती फार सुंदर, म्हणून काढायचं लांबणीवर टाकलं. वळवाचा पाऊस झाला, त्यावर जूनचा. काढली तेव्हा खालची साल काळी पडून मऊ झाली होती, बुरशीचा वास येत होता, मुंग्यांनी आत घर केलं होतं. त्याच्या आठ दिवस आधी एका साळुंकीचा पाय सुटलेल्या धाग्यात अडकला. चौथीतल्या मुलीनं शिडीवर चढून, पक्षी मुठीत धरून, नखाएवढ्या कात्रीनं तो धागा कापला. साळुंकी उडाली, पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. तेव्हापासून शेवटची गाठ मारल्यावर धाग्याचं टोक आत ओवून घेतलेलं नसेल, तर तो तुकडा मी परत पाठवते. मग तो कुणाचाही असो.

जगभर यार्न बॉम्बिंगचा दिवस ११ जूनला पाळतात, कॅनडातून २०११ साली सुरू झालेला. आपल्याकडे तोवर मृग लागलेला असतो. आमची काढायची तारीख २४ मे, रोहिणीच्या आदल्या दिवशीची. शिवणीचा दोरा वेगळ्या रंगाचा असतो तो यासाठीच: तेवढाच कापायचा, तुकडा अख्खा निघतो. कोमट पाण्यात रिठ्यानं धुवा, सावलीत वाळवा, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. फार विटलेले तुकडे वाकळेच्या आतल्या थराला जातात.

दांड्याच्या गवसण्या मात्र दोन शिवा आणि त्यांना बटणं लावा. एक दांड्यावर, एक दोरीवर वाळत.