हार्ड डिस्कचे भाग पाडताना सी ला जागा जास्त द्या

देवगडला आमच्या घरी आंब्याची बिलं, बागेचा हिशेब, गणपतीतले फोटो सगळं एकाच कॉम्प्युटरवर असतं. म्हणून मला डिस्कचे दोन भाग सोयीचे वाटतात: सी मध्ये विंडोज आणि प्रोग्रॅम, डी मध्ये आपलं काम. विंडोज बिघडलं तर फक्त सी फॉरमॅट करायची, डी तशीच राहते.

पण सी ला जागा देताना हात आखडू नका. मी एकदा ६० जीबीच दिली होती. अपडेट येत गेले, सी ची पट्टी लाल झाली आणि डी अर्धी रिकामी! विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंट या भाग पाडायच्या सोयीत सी वाढवायची तर तिला लागून उजवीकडे कुठल्याच भागाला न दिलेली मोकळी जागा लागते; डी च्या आतली रिकामी जागा चालत नाही. मध्ये डी असेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' (भाग वाढवा) हा पर्याय फिकटच दिसतो, दाबता येत नाही. शेवटी डी मधलं सगळं बाहेर काढून ती उडवावी लागली. आता मी सी ला १५० ते २०० जीबी ठेवतो. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी येणारी चिपवाली वेगवान डिस्क) २५६ जीबीचीच असेल तर भाग पाडूच नका, फोल्डर पुरतात.

आणि डी म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क एकच असते. पावसाळ्यात विजेच्या झटक्याने किंवा खाऱ्या दमट हवेने ती गेली, की सी आणि डी दोन्ही एकदम जातात. मृगाच्या आधी बाहेरच्या डिस्कवर एक कॉपी घ्या आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. भाग पाडताना मध्येच लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नका.