शहरातल्या नदीवर फेलोशिप घेऊन पीएचडी करायची आहे? या चुका टाळा

'मुठा नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास.' अर्जावर असा विषय दिसला की मला हळहळ वाटते. मुलगी हुशार असते, नदीबद्दल तळमळ असते आणि तरीही पहिल्या फेरीतच ती बाहेर पडते. पुण्यात विठ्ठलवाडी, डेक्कन, संगम पूल, मुंढवा इथले नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ वर्षानुवर्षं घेत आलं आहे. तेच तक्ते आणखी तीन वर्षं भरायला कोणी फेलोशिप कशाला देईल?

विषय नदीचा असला तरी प्रश्न एका टप्प्याचा हवा. विठ्ठलवाडी ते संगम या पट्ट्यात अमोनिया नेमका कुठे उडी मारतो? खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तळाचा गाळ ढवळून काय काय वर येतं? मुठेच्या गाळावरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शहरातल्या गाळात शेवटच्या फळीतल्या प्रतिजैविकांनाही दाद न देणारी जनुकं आढळल्याचं त्यात दाखवलं होतं. ती पुढे भीमेपर्यंत, उजनी धरणापर्यंत किती टिकतात? जपानच्या कर्जातून पुण्यात रोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी करण्याचा प्रकल्प आहे. एखादं केंद्र सुरू होण्याआधीची आणि नंतरची नदी मोजणं हा तर दारात आलेला विषय आहे. नागपूरची नाग नदी, मुंबईची मिठी, कोल्हापूरची पंचगंगा, सगळीकडे असे प्रश्न पडून आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले होते. त्यातले ५५ महाराष्ट्रात होते, देशात सर्वांत जास्त.

'जेआरएफ' या एकाच शब्दाचे दोन अर्थ

जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. इथे फार जण फसतात. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ तुमच्या नावावर असते: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं. प्रकल्पातली जेआरएफ ही त्या प्रकल्पाची जागा असते. प्रकल्प संपला की पैसे थांबतात आणि त्या जागेवर रुजू झालात म्हणजे पीएचडीला नोंदणी झाली असंही नाही. रुजू होण्याआधी दोनच गोष्टी विचारा: प्रकल्पाची किती वर्षं उरली आहेत आणि नोंदणी कोणत्या विद्यापीठात, कधी होणार. विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. तरी विचारा.

बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपबाबत क्रम उलटा होतो. त्या पीएचडीला नोंदणी झालेल्यांसाठी असतात. 'आधी फेलोशिप मिळू दे, मग प्रवेश घेतो' म्हणून थांबलेल्यांचं वर्ष फुकट जातं. अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा. मागच्या वर्षी मित्राला काय लागलं होतं, यावर विसंबू नका.

आपल्याला कोणतं दार उघडं आहे हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. सिव्हिल किंवा केमिकल इंजिनिअरला नेटच्या मागे धावायची गरज नाही. गेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे आणि आयआयटी मुंबईचा पर्यावरण विभाग गेटवर प्रवेश देतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत पीएचडी एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीमार्फत होते, प्रवेश जानेवारी आणि ऑगस्टचे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना सीएसआयआर नेटचा जीवशास्त्राचा पेपर जवळचा.

परदेशाबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते, म्हणून जाहिरात नोकरीसारखी वाचा आणि अर्जही तसाच करा. ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन निधीच्या जागांत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंतच असतो आणि फीमधला फरक कोण भरणार हे जाहिरातीत लिहिलेलं नसेल, तर अर्ज करण्याआधी पत्र लिहून विचारा.

मुलाखतीत नेमकं कुठे अडतं

आराखड्यात 'डीओ, बीओडी, कोलिफॉर्म मोजणार' एवढंच लिहिलेलं असतं. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू खातात तो ऑक्सिजन आणि कोलिफॉर्म म्हणजे मैलापाण्याची खूण असलेले जिवाणू. समोरचा विचारतो, 'डीओ किती वाजता मोजणार?' आणि उमेदवार गप्प. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं, शेवाळाने हिरवं होतं. २७ अंशाला पुण्याच्या उंचीवर पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असल्याने अशा जागी दुपारी त्याहूनही जास्त आकडा दिसू शकतो. मीटरचं अंशांकन एकदा तपासा. ते बरोबर असेल, तर आकडाही बरोबर आहे. तीच जागा पहाटे पाच वाजता मोजा, कारण रात्रभर सगळे जीव ऑक्सिजन खात असतात आणि मासे मरतात ते त्या वेळेला. फक्त दुपारी घेतलेल्या नमुन्यांवर उभा राहिलेला प्रबंध मृतप्राय नदीला निरोगी ठरवू शकतो.

बीओडीचंही तसंच. आपल्याकडे तो २७ अंशाला ३ दिवस ठेवून काढतात, तर परदेशी शोधनिबंधांत २० अंशाला ५ दिवस. दोन्ही आकडे एका आलेखावर टाकताना पद्धत लिहिली नाही, तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवणार. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा बीओडी अनपेक्षित जास्त आला तर अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू बाटलीतला ऑक्सिजन खात आहेत का ते पाहा. त्यांना रोखणारं रसायन घालून एक जोडनमुना लावला की उलगडा होतो.

कोलिफॉर्मच्या बाटल्या बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोचायला हव्यात. क्लोरिन असलेल्या पाण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर जिवाणू वाटेतच मरतात आणि कागदावर पाणी स्वच्छ दिसतं. हडपसरच्या रहदारीत सहा तास किती लवकर संपतात हे आराखडा लिहितानाच मोजा.

पण सगळ्यांत मोठी चूक म्हणजे प्रवाह न मोजणं. नदीत किती मिलिग्रॅम आहे हे सांगितलं आणि सेकंदाला किती पाणी वाहतंय हे सांगितलं नाही, तर रोज किती किलो घाण पुढे गेली हे कळतच नाही. जुलैत बीओडी घसरला म्हणून नदी सुधारली असं लिहिणारे आराखडे मी पाहिले आहेत. तेव्हा पाणी वाढलेलं असतं. घाण तेवढीच, कधी गाळ उपसून आल्याने जास्तही असते. प्रवाह मोजायचं साधन, पूल आणि मदतीला माणूस यांचा खर्च अंदाजपत्रकात लिहा. मागितलेलं मिळतं, न मागितलेलं कोणी देत नाही.

आणि पावसाळे मोजा. पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये अभ्यासक्रम, विषयमंजुरी आणि शेवटचं लेखन वजा केलं की हाती जेमतेम तीन पावसाळे उरतात. धरणातल्या विसर्गाची माहिती जलसंपदा विभागाकडून घ्यायची असते, प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी नमुने घ्यायला महापालिकेची परवानगी लागते. मला अशाच एका परवानगीची वाट पाहण्यात एक अख्खा पावसाळा घालवावा लागला. नोंदणीच्या पहिल्याच महिन्यात दोन्ही अर्ज गाइडच्या सहीने द्या आणि आवक क्रमांकाची पोच घेऊनच टेबलापासून उठा.