केस एका ताईची नसते: हिंसा सोसलेल्या बायांसोबत काम करताना टिकून राहायचं कसं

तुमच्या समुपदेशन केंद्रातली एक ताई, म्हणजे कार्यकर्ती, उद्यापासून आठ दिवस आजारी पडली, तर तिच्याकडच्या बायांचं पुढं काय करायचं हे दुसऱ्या कुणाला सांगता येईल का? शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं कपाट उघडावं आणि कुणालाही फोन न करता दहा मिनिटांत सांगावं, की कुणाची कोर्टाची तारीख कधी आहे, कोण माहेरी आहे आणि कुणाच्या जिवाला धोका आहे. हे जमत नसेल तर ती केस केंद्राकडं नाही, एका ताईच्या डोक्यात आहे. सातारा, सांगलीकडं दोन-तीन जणांवर चालणाऱ्या केंद्रांत हे सहज घडतं आणि बर्नआउटची सुरुवात तिथूनच होते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामातून येणारी अवस्था म्हटलं आहे. तिच्या खुणा तीन: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मन कडू होणं आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. समुपदेशनाच्या टेबलावर त्या ओळखता येतात. बाई बोलायला लागली की तिचं पुढचं वाक्य आपल्याला माहीतच आहे असं वाटतं. ‘हीसुद्धा परत नांदायलाच जाणार’ असं मनात येतं. नोंदी दोन ओळींत उरकल्या जातात. ऐकलेल्या गोष्टी स्वप्नात येणं, रात्री दार वाजलं तरी दचकणं, स्वतःच्या मुलीला बाहेर पाठवायची भीती वाटणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तो दुसऱ्याच्या आघाताचा आपल्यावर झालेला परिणाम असतो. बर्नआउटवर कामाची घडी बदलावी लागते, इथं त्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञाची मदतही लागते. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीत बोलता येतं, आणि कार्यकर्तीनं तिथं फोन करण्यात कमीपणा काहीच नाही.

पहिली भेट

नव्या बाईसाठी सव्वा ते दीड तास धरा. दिवसाला नव्या दोनच केस घ्या आणि दोन भेटींच्या मधे पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. ती पंधरा मिनिटं चहासाठी नसतात, नोंद लिहायला असतात. नोंद संध्याकाळवर ढकलली की दोन बायांचे तपशील एकमेकींत मिसळतात. शिवाय ऐकलेलं सगळं डोक्यात घेऊन घरी जावं लागतं.

सोबत आलेल्या आईला, भावाला किंवा नणंदेला पाणी देऊन बाहेर बसवा आणि बाईशी एकटीशी बोला. माहेरची माणसं भल्यासाठी आलेली असली तरी त्यांच्यासमोर ती सगळं सांगत नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागातून येणाऱ्या बऱ्याच बाया कन्नड बोलतात. दुभाषी म्हणून नातेवाईक किंवा त्याच गावचा माणूस घेऊ नका. कन्नड येणाऱ्या दोन-तीन कार्यकर्त्या आधीच हेरून ठेवा, वेळेवर शोधाशोध करू नका.

विचारण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी आजचं: कुठं दुखतंय, मुलं कुणाजवळ आहेत, आज रात्री कुठं जाणार, इथं आल्याचं कुणाला कळलंय. मग ऐकायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्यसेवकांसाठी सांगितलेल्या पाच पायऱ्या समुपदेशनातही उपयोगी पडतात: ऐकणं, तिला आत्ता काय हवं आहे हे विचारणं, ‘यात तुमची चूक नाही’ हे स्पष्ट सांगणं, सुरक्षितता वाढवणं आणि पुढची मदत जोडून देणं. आघाताची सगळी हकिकत पहिल्याच बैठकीत खोदून काढू नका. घटनेनंतर लगेच एका बैठकीत मन मोकळं करायला लावल्यानं पुढचा मानसिक त्रास टळत नाही, हे अभ्यासांतून पुढं आलेलं आहे. तिनं जेवढं सांगितलं तेवढं पुरे. राहिलेलं पुढच्या खेपेला येईल.

धोक्याच्या खुणा मात्र नाव घेऊन विचाराव्याच लागतात, कारण बाई त्या आपणहून सांगत नाही. मार वाढत चाललाय का? जिवे मारायची धमकी दिली का? घरात कोयता किंवा कुऱ्हाड उगारली का? ती गरोदर आहे का? अलीकडं घर सोडलंय किंवा सोडणार असं सांगितलंय का? घर सोडण्याच्या आसपासचा काळच सर्वांत धोक्याचा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: गळा दाबला होता का? आधी गळा दाबलेल्या बाईचा पुढं खून होण्याची शक्यता बरीच वाढलेली असते. मानेवर वळ नसला तरी आतून इजा असू शकते. आवाज घोगरा झाला, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आले, चक्कर आली, क्षणभर शुद्ध हरपली किंवा कपड्यांतच लघवी झाली, यातलं काहीही असेल तर समुपदेशन तिथंच थांबवा आणि बाईला सिव्हिलला न्या. लक्षणं कधी कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात.

आमच्या भागात एक प्रश्न कधीच चुकवू नका: फवारणीची औषधं कुठं ठेवली आहेत? तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षबागेची औषधं घराच्या पडवीत, हाताशी असतात. बाईच्या मनात जीव द्यायचं येतंय का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही. तो आधीच असेल तर सांगायला वाट मिळते. औषधांना कुलूप लावून किल्ली विश्वासातल्या माणसाकडं ठेवणं किंवा डबे बागेतल्या शेडमध्ये हलवणं ही अगदी साधी कामं आहेत, पण त्यांनी जीव वाचतात.

बाई परत घरी जाणार असेल तर वेळ आली तर तिथून कसं निघायचं, याची योजना तिच्याबरोबर बसून करा. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, मुलांचे दाखले, लग्नाचा पुरावा यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी ठेवायच्या. मूळ कागद एकदम हलवले तर नवऱ्याला संशय येतो. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथं विळी आणि गॅस असतो. दार जवळ असलेल्या खोलीत राहायचं. शेजारणीशी एक खूण ठरवायची. शेवटची एसटी किती वाजता जाते, हेही त्याच कागदावर लिहा. वाडीवस्तीवरून रात्री आठनंतर निघायलाच वाहन नसेल तर ‘धोका वाटला की निघून या’ या सल्ल्याला अर्थ नाही. तिथं गावातलं घर ठरवावं लागतं, आशाताईचं किंवा अंगणवाडी सेविकेचं, त्यांना आधी विचारून.

लैंगिक हिंसा असेल तर घड्याळ बघा

इथं वेळ चुकली की भरून निघत नाही. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ७२ तासांत घेतली तर जास्त उपयोगी, पाच दिवसांपर्यंत काही उपयोग होतो. शरीरावरचे पुरावे ९६ तासांपर्यंत घेतात. शक्य असेल तर तपासणी होईपर्यंत अंघोळ करू नये. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ओल धरून ते बुरसतात. पण बाईनं अंघोळ केली असली तरी ‘आता काय उपयोग’ असं म्हणू नका, तपासणी आणि उपचार तरीही होतातच.

उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही. सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं बलात्कार पीडितेवर मोफत उपचार करायचे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. नाकारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा होतो. दवाखाना पोलिसांना कळवतो, हे मात्र बाईला जाण्याआधी सांगा. तक्रार द्यायची की नाही हे प्रौढ बाईनं ठरवायचं. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं आपल्यावरच बंधनकारक आहे. म्हणून ‘तुझं कुणालाच सांगणार नाही’ असं वचन अल्पवयीन मुलीला कधी देऊ नये. दोन बोटांच्या तपासणीवर सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट बंदी घातली आहे. कुणी करू लागलं तर तिथंच थांबवा. धंदा करणाऱ्या बाईला हे सगळे हक्क तितकेच आहेत. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेसारखी त्यांची स्वतःची संघटना १९९६ पासून आहे. तिथल्या बाईबरोबर तिच्याच संघटनेची कार्यकर्ती असली तर तिला बळ येतं आणि तुमचाही भार हलका होतो.

वचन कशाचं द्यायचं

कार्यकर्तीला आतून खाणारी अपराधी भावना बहुतेक वेळा चुकीच्या वचनातून येते. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, म्हणजे २००५ च्या कायद्यात, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. तारखा त्यापुढं सरकतात, हे कोर्टात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून ‘दोन महिन्यांत काम होईल’ असं बोलू नका. ‘सोमवारी संरक्षण अधिकाऱ्यांकडं तुमचा घटना अहवाल भरू, कलम २३ खाली अंतरिम आदेश मागू, वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळेल’ एवढं बोला. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर विचारता येतं. हातातलं काम सांगितलं की दोघींनाही रात्री झोप लागते.

तडजोडीबद्दल स्पष्ट मत: मारहाणीच्या केसमध्ये नवरा-बायकोला पहिल्याच खेपेला समोरासमोर बसवू नये. गावची भावकी, तंटामुक्ती समिती, कधी ठाण्यातले साहेबही ‘मिटवून टाका’ म्हणतात. नवरा स्टॅम्पवर ‘पुन्हा हात लावणार नाही’ असं लिहून देतो आणि फाईल बंद होते. तो स्टॅम्प म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ प्रमाणं एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टॅम्प मोडला तर त्यातलं काही होत नाही, आणि ‘मीच तिला परत पाठवलं’ हे ओझं ताईच्या डोक्यावर राहतं.

बाई परत गेली तर फाईलवर ‘बंद’ लिहू नका. ‘घरी आहे, पुढचा संपर्क अमुक तारखेला’ असं लिहा. परत जाण्यामागं मुलांची शाळा असते, खर्चीचे पैसे नसतात, माहेरी भावजय असते. ती पुन्हा आली तेव्हा ‘सांगितलं होतं ना’ हा शब्द आला, तर तिसऱ्यांदा ती येणार नाही.

फोन, नोंद आणि बुधवार

केंद्राचं वेगळं सिम घ्या. स्वतःचा नंबर देऊ नका, कितीही जीव तुटला तरी. ज्या ताईचा फोन चोवीस तास चालू असतो, तिचा फोन एखाद्या रात्री लागत नाही आणि बाई तेवढ्यावरच विसंबून राहिलेली असते. पहिल्याच भेटीत तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक पाठ करून घ्या. नवरा फोन तपासतो, म्हणून ते सेव्ह करायला लावू नका. केंद्राचा नंबरही ‘शिलाई’ किंवा ‘बचत गट’ अशा नावानं ठेवायला सांगा, आणि आपण कधी फोन करायचा ते तिलाच विचारा. रात्री राहायची सोय लागली तर सखी केंद्रात, म्हणजे सरकारच्या वन स्टॉप सेंटरमध्ये, पाच दिवसांपर्यंत राहता येतं, तिथला पत्ता आणि तिथल्या रात्रपाळीचा नंबर भिंतीवर लावलेला असावा.

नोंदीचं पहिलं पान एकच ठेवा: सुरक्षित संपर्काची वेळ, धोक्याची पातळी, दिलेलं वचन, पुढची तारीख, आणि दोन नावं. मुख्य कार्यकर्ती आणि जोडीदार. दुसरी भेट या दोघींनी मिळून घ्यावी, म्हणजे बाईला दुसरा चेहरा ओळखीचा होतो. बाईचे शब्द तिच्याच बोलीत अवतरणात लिहा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, फोटो, गाव यातलं काही नको. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

आठवड्यातून एकदा, समजा बुधवारी, दीड तास केंद्र बंद ठेवून सगळ्यांनी बसावं. पहिली वीस मिनिटं जास्त धोक्याच्या केस. मग एकच अडलेली केस सावकाश. शेवटची वीस मिनिटं कार्यकर्त्यांची, आणि त्यात कुणालाही बोलायची सक्ती नको. ही बैठक पगारपत्रकावर सही करणाऱ्या व्यक्तीनं चालवू नये. तिच्यासमोर ‘मला झेपत नाही’ असं कुणी म्हणत नाही. बाहेरची अनुभवी समुपदेशक महिन्यातून एकदा आली तरी चालेल. बैठक दोनदा रद्द झाली की ती बंदच पडते, म्हणून अहवालाची घाई असली तरी ती ढकलू नका.

सासरची माणसं केंद्रात येऊन दमदाटी करतात. दार आतून बंद होणारं हवं, खोलीत नेहमी दोघीजणी हव्यात आणि धमकीची नोंद त्याच दिवशी लेखी ठाण्यात जायला हवी. गृहभेटीला एकटीनं जाऊ नये, जाताना वेळ लिहून ठेवावी आणि परतल्यावर फोन करावा.

एक गोष्ट संस्थाचालकांसाठी. चार-चार महिने मानधन थकलं असेल, प्रवासखर्च खिशातून जात असेल, तर ध्यानाचं शिबिर घेऊन काही होणार नाही. मिळालेल्या निधीत आधी मानधन आणि एसटीचं भाडं काढा, फ्लेक्स आणि कार्यक्रम नंतर.

रजेवर जाण्याआधी दोन दिवस जोडीदाराबरोबर बसून प्रत्येक चालू फाईलचं पहिलं पान वाचा. ज्यांना जास्त धोका आहे त्या बायांना स्वतः सांगा: ‘मी सोमवारपर्यंत नाही, या ताईंना तुमचं सगळं माहीत आहे, त्यांना फोन करा.’ केंद्राचं सिम जोडीदाराच्या हातात द्या. मग रजेत केंद्राचा फोन आला तरी उचलू नका.