थेट मालकाकडून जुनी गाडी घेताना

जुनी गाडी थेट मालकाकडून घेतली की एजंटचं कमिशन वाचतं, हे खरंच. मी स्वतःसाठी दोन आणि नातेवाइकांसाठी चार-पाच गाड्या अशाच बघितल्या. त्यातून एक कळलं, इंजिनापेक्षा कागद जास्त छळतात. इंजिनाचं काम निघालं तर खर्च होतो आणि विषय संपतो. नावावर न झालेली गाडी मात्र वर्षानुवर्षं मानेवर बसते. म्हणून सुरुवात कागदांपासून.

फोनवरच पहिली चाळणी

जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावून "गाडीसाठी फोन केला होता" एवढंच म्हणा. पलीकडून "कुठली गाडी?" असं आलं तर तो मालक नाही, त्याच्याकडे चार गाड्या उभ्या आहेत. धंदा करण्यात गैर काही नाही, पण मालक असल्याचं सोंग घेणाऱ्याशी पुढचं बोलणं जपून करा.

मग गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. मालकाचं नाव फुल्यांनी अर्धं झाकलेलं असतं, पण बाकी बरंच कळतं: नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, आणि बँकेचा बोजा आहे का. थकलेली ई-चलनंही ऑनलाइन दिसतात. ती विकणाऱ्यानेच भरायची, तीही व्यवहाराआधी. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर री-पासिंगचा, म्हणजे नोंदणी नव्याने करून घेण्याचा, खर्च किमतीतून वजा धरा.

बोजा दिसत असेल आणि मालक म्हणाला, "कर्ज केव्हाच फिटलंय हो," तर बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, मागा. कर्ज फिटणं आणि आरसीवरून बोजा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोजा उतरवून मगच गाडी विका, असं सरळ सांगा.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिकडच्या गाड्या इकडे उतरू लागल्या. पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे दोन्ही धरलं की स्वस्ताई बरीचशी आटते.

गाडी थंड असताना बघा

सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन पहिल्या फटक्यात लागतं का आणि सायलेन्सरमधून काय निघतं, ते बघायचं असतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शंका घ्या.

पुण्यात मी एक एमएच १०, म्हणजे सांगली पासिंगची हॅचबॅक बघायला गेलो होतो. बाहेरून लखलखीत, सीटकव्हर नवी कोरी, आत अत्तराचा घमघमाट. तो वासच जरा जास्त वाटला. ड्रायव्हरचा सीटबेल्ट खेचत खेचत पूर्ण बाहेर काढला, तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. सीट पुढे सरकवून खालच्या रुळात बोट घातलं, तर वाळलेला गाळ नखात आला. २०१९ चा सांगलीचा पूर आठवला. मालकाला विचारलं, तर म्हणाले, "पार्किंगमध्ये थोडं पाणी आलं होतं." सीटच्या उंचीपर्यंत चढलेलं थोडं पाणी! तेव्हापासून मी आधी बेल्ट ओढतो, मग स्टेपनीच्या खड्ड्यातलं कार्पेट उचलतो आणि बाकीची गाडी नंतर बघतो.

अपघाताच्या खुणा लपवणं डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना चांगलं जमतं, तरी काही गोष्टी राहतात. बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, दोन दारांच्या फटींत फरक, एकच हेडलाइट नवा. लोहचुंबक फिरवा. रंगाखाली भरलेली पुटी जाड असेल तिथे तो धरत नाही. आणि विम्याच्या पॉलिसीवरचा एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचा. हा कागद लपवायला लोक विसरतात. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. सात वर्षं जुन्या गाडीवर शून्य दिसला तर कशाचा क्लेम घेतला होता, ते विचारा.

मीटर मागे फिरवता येतो, ब्रेक पेडलचं रबर नाही. मीटरवर ३८ हजार आणि रबर गुळगुळीत असेल तर सर्व्हिस सेंटरमधला जुना रेकॉर्ड मालकाकडूनच काढून घ्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सीएनजी किट असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची टेस्ट झालेली हवी.

एवढं जमलं की तुमचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. हजार-पाचशे देऊन गाडी लिफ्टवर चढवून बघा. चासी नंबर आरसीशी जुळवायचं काम मात्र स्वतः करा.

पैसे आणि नाव

इसार द्यायचा तर थोडा आणि लिहून. बाकी रक्कम आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात, मेहुण्याच्या नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे "कॅशच द्या" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. मूळ मालक वारलेले असतील तर आधी वारसाच्या नावावर, मग तुमच्या.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन "ट्रान्सफर नंतर करू" हा प्रकार दोघांनाही महागात पडतो. नावावर करायची मुदत खरेदीदाराला ३० दिवसांची आहे. नोंद बदललेली नसताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. हे विकणाऱ्याला सांगितलं की तोच घाई करू लागतो. ऑनलाइन अर्ज भरताना दोघं शेजारी बसा, ओटीपी मागण्यासाठी रात्री फोन करत बसावं लागत नाही. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. एनसीबी जुन्या मालकाकडेच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही.

किल्ली घेताना दुसरी किल्लीही मागा आणि जुना फास्टॅग काढायला लावा. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा. दुपारी चारला गाडी ताब्यात घेतली आणि त्याच दिवशी अकराचं सिग्नल तोडल्याचं चलन आलं, तर ते कुणाचं, यावर वाद घालायला लागू नये.