मंडळीसमोर ख्रिस्ती कीर्तन कसं उभं करावं

अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे, कवी ना. वा. टिळकांनीही ते केलं. तरी आज बऱ्याच चर्चमध्ये कीर्तन म्हणजे अधूनमधून गाणी घातलेला उपदेश होतो. उपदेश तर मोठी माणसं दर रविवारी ऐकतातच. कीर्तनात ती स्वतः गातात, म्हणून तयारी आख्यानापासून, म्हणजे गोष्टीपासून नको; ध्रुपदापासून, म्हणजे सगळ्यांनी परत परत म्हणायच्या ओळींपासून करा.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेऊ, लूक 10:25–37. येशूने सांगितलेली ही गोष्ट: यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात; याजक (मंदिराचा पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) त्याला टाळून जातात, आणि परका शोमरोनी त्याला सावरतो. ध्रुपद दोन ओळींचं पुरे:

सांग प्रभो, कोण माझा शेजारी?
वाटेवरी की माझ्याच दारी?

पेटीची पट्टी काळी एक. चाल मंद्र पंचमाच्या (खालच्या सप्तकातल्या प च्या) खाली आणि तार षड्जाच्या (वरच्या सा च्या) वर जाऊ देऊ नका. मंडळीत पुरुष आणि बाया एकाच पट्टीत, सप्तकाच्या फरकाने गातात. पेटीवाल्याने आपल्या सोयीने काळी चार धरली की पुरुष वरच्या सुरांना गप्प होतात. ठेका भजनी, आठ मात्रांचा.

शिकवताना आधी तबला बंद ठेवून अख्खं ध्रुपद दोनदा एकट्याने म्हणा. मग "सांग प्रभो" तुम्ही, "सांग प्रभो" मंडळी. पुढे "कोण माझा शेजारी" तसंच. तीन-चार फेऱ्यांत बसतं. कागद वाटू नका: माना खाली जातात आणि आवाज बाकातच मुरतो. शिवाय वाचता न येणारी आजी अवघडते ती वेगळीच. कोणी चुकलं तर चूक दाखवायची नाही, ओळ आपणच परत म्हणायची. "आवाज येत नाही, जोरात!" हे संडे स्कूलमध्ये चालतं, इथे नाही. झांजा सगळ्यात शेवटी येऊ द्या. झांजवाले लय चढवतात, तबला त्यांच्यामागे धावतो आणि शब्द चिरडतात. तबलजीला आधीच सांगून ठेवा: लय तुझ्या हातात.

एकूण वेळ 45 मिनिटं: नमन-प्रार्थना 5, पूर्वरंग 12, मधलं भजन 5, आख्यान 18, समारोप 5. पूर्वरंगात, म्हणजे गोष्टीआधीच्या निरूपणात, शास्त्र्याने (धर्मशास्त्राच्या पंडिताने) येशूला विचारलेला प्रश्न उलगडायचा, "माझा शेजारी कोण?" दाखला तिथे फोडू नका, पूर्वरंग लांबून आख्यान घाईत गुंडाळलं जाणं हा नेहमीचा रोग आहे.

आख्यानात वाट दिसली पाहिजे. यरुशलेम डोंगरावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. मधे सुमारे हजार मीटरचा उतार, ओसाड आणि वळणावळणाचा. लुटारूंना दबा धरायला याहून बरी जागा कुठली? याजक मंदिराच्या सेवेला निघाला होता, विटाळ होईल म्हणून थांबला नाही, असं सर्रास सांगितलं जातं. पण लूक म्हणतो तो त्या वाटेने खाली जात होता, म्हणजे यरुशलेमेकडे पाठ करून. मंदिरात पोचायची घाई ही सबब उरत नाही. हे वाक्य सावकाश घ्या. नेमाने चर्चला येणाऱ्यांना ते बरोबर लागतं. शोमरोनी आल्यावर मात्र हातांनी दाखवा: तेल-द्राक्षारस ओतणं, पट्टी बांधणं, जनावरावर बसवणं. इथे पेटीचा नुसता षड्ज चालू राहू द्या, तबला नको.

मग येशूचाच प्रश्न मंडळीला विचारा: या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? कोणा एकाकडे बघून विचारू नका, नाहीतर तो माणूस पुढच्या वेळी शेवटच्या बाकावर बसेल. पाच-सहा सेकंद थांबा. उत्तर आलं नाही तरी समजावत बसू नका, थेट ध्रुपद उचला.

उभं राहायचं ते वेदीच्या पायरीखाली, पहिल्या बाकापासून सात-आठ फुटांवर. पुलपिटामागून (उपदेशाच्या व्यासपीठामागून) कीर्तन होत नाही. माईक दोन बस झाले, एक तुम्हाला, एक पेटीला. झांजांना माईक मुळीच नको. स्पीकर तुमच्या मागे असेल तर माईक शिटी मारतो. स्पीकर पुढे सरकवा. आणि पाळकांशी आधीच ठरवून घ्या की शेवटच्या ध्रुपदानंतर फक्त आशीर्वाद, त्याच दाखल्यावर दुसरा उपदेश नाही.